आऱ्याचा ब्रेक आणि करडईचं तेल

आमच्या घरात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. उखाण्यापुरतं घेतलं तर घेतलं. म्हणून इथंही मी त्यांना 'हे' असंच म्हणणार आहे. आणि नाव घेतलं असतं तरी काय मोठा उजेड पडला असता? त्या नावाला त्या घरात काय किंमत होती ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

कराडच्या बाहेर, विट्याच्या रस्त्याला, आमची लाकडाची वखार होती. पुढं ओंडक्यांचे ढीग, मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये डिझेल इंजिन आणि गोल पात्याचा आरा. शेडला लागूनच घर. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले, त्यामुळं कारभार थोरल्या दिरांच्या हातात. हे धाकटे. पंधरा वर्षं फौजेत ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपात काढून, बांगलादेशची लढाई संपल्यावर पेन्शनीत आले.

फौजी सुट्टीवर येतो तोवरच त्याचं कौतुक. ट्रंक उघडली की सगळं घर भोवती गोळा होतं. तोच माणूस कायमचा आला की सगळ्यांच्या पायात यायला लागतो. ह्यांचंही तसंच झालं. सकाळी उठून करायचं काय, हाच प्रश्न. ओंडके मोजायला माणूस होता, गिऱ्हाईक बघायला दीर होते, आऱ्यावरही दीरच. शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विषय काढला तेव्हा दीर म्हणाले, "दसऱ्यापतुर बघू. जमतंय असं दिसलं तर आरा त्याच्याकडं. मी भाईरचं बघीन." त्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी पुढचा सगळा जन्म मांडला होता. मी तर मनातल्या मनात शेडच्या बाजूची खोली सारवूनही टाकली होती.

आता तो आरा कसा चालायचा ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिन सकाळी एकदा सुरू झालं की दुपारपर्यंत बंद व्हायचं नाही. पात्याच्या दांडीवर दोन चाकं शेजारी शेजारी. एक दांडीला पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं, नुसतंच गरगरणारं. इंजिनावरून आलेला पट्टा पक्क्या चाकावर असला की पातं फिरायचं. बाजूचा हाताचा दांडा ओढून तोच पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की इंजिनाचा जोर तिथं वाया जायचा आणि पात्याचा संबंध सुटायचा. मोटारीत क्लच दाबतात ना, त्यातलाच प्रकार. पण संबंध सुटला म्हणजे पातं थांबलं असं नाही. एवढं जड पोलादी पातं, ते आपल्याच गुर्मीत फिरत राहायचं. एखाद्या घरातल्या थोरल्या माणसासारखं. त्याचा आवाज पार विझेपर्यंत बाकीच्यांनी हात बांधून उभं राहायचं. ज्याला तेवढा धीर नसेल तो पात्याच्या कुशीला बाभळीचं फळकूट दाबून धरायचा. ते फळकूट कधी उडून कुणाच्या छाताडात बसेल याचा नेम नव्हता.

हे पाहून ह्यांचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस सांगलीला जाऊन भंगारातून ट्रकचा ब्रेक लायनर आणला. पात्याच्या दांडीवर एक लोखंडी ढोल बसवला. ढोलाभोवती पोलादी पट्टी, पट्टीच्या आतून तो लायनर. आणि खरी गंमत दांड्यात होती. दांडा पुढं ढकलला की पट्टा पक्क्या चाकावर जायचा आणि ढोलावरची पट्टी सैल पडायची. दांडा मागं ओढला की आधी पट्टा मोकळ्या चाकावर जायचा आणि मग पट्टी ढोलाला करकचून आवळायची. एका हाताच्या कामात संबंधही सुटला आणि पातंही थांबलं.

दीर आधी हसले. "आरा हाय का एस्टी रं? थांबा आला की ब्रेक मारायचा!" गड्यांनाही हसायला निमित्तच हवं होतं. पण पहिल्यांदा दांडा ओढला आणि ते पातं चुळबूळ न करता जागच्या जागी उभं राहिलं तेव्हा शेडमधलं हसणं बंद पडलं. आत्याबाई पदर खोचून बघायला आल्या होत्या. त्यांनी ह्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. कडाकडा वाजली. दीर म्हणाले, "ब्येस झालंय." आमच्या घरात ही फार मोठी पदवी होती.

दसरा तोंडावर आला आणि कडेगावहून सांगावा आला, माझे वडील अंथरुणाला खिळलेत. सणाचं घर सोडून निघायचं जिवावर आलं, पण निघालो. जाताना हे मुद्दाम शेडकडं वळले. दीर इंजिनाजवळ उभे होते. मी दोन पावलांवर पिशवी घेऊन उभी. हे म्हणाले, "दादा, खंडेनवमीला एवढं बघा. ह्या ढोलाला आणि पट्टीला तेलाचा हात लागू दिऊ नगा. लायनर तेल प्याला की ब्रेक धरायचा न्हाई."

दीर म्हणाले, "व्हय रं. तेवढं कळतंय मला. जा तुमी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची नुसती पूजा नसायची, न्हाणी असायची. कुऱ्हाडी, करवती, पहारी धुऊन मांडायच्या, आणि मोठ्या सुनेनं तांब्याभर करडईचं तेल घेऊन 'जे जे फिरतं त्याला' घालायचं. सासऱ्यांच्या वेळी रहाट आणि गाडीची चाकं होती, त्यांना ते चांगलंच होतं. मग इंजिन आलं, आरा आला, त्यांनाही तीच न्हाणी. वर्षभर राबतंय, त्याला एक दिवस तरी पोटभर तेल मिळावं, असं आत्याबाई म्हणायच्या. त्या दिवशी आणि दसऱ्याला यंत्र बंद. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालकानं आपल्या हातानं पहिला ओंडका कापायचा.

तर जाऊबाईंनी न्हाणी घातली. जे जे फिरतं त्याला. आणि आता तो ढोलही फिरत होता. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्या बिचारीनं झेंडूच्या माळेखाली तेलाची धार धरली ती अगदी भक्तीनं.

आम्ही परतलो ते पहिल्या ओंडक्याच्याच दिवशी, भर दुपारी. वखारीत माणसं होती पण इंजिनाचा आवाज नव्हता. भुशात रक्त पडलेलं, त्यावर कुणीतरी आणखी भुसा टाकलेला. दिरांना ट्रकमध्ये घालून मिरजेला नेलं होतं. गळीत हंगाम तोंडावर, ऊसवाहतुकीच्या गाड्यांसाठी बाभळीला मागणी, म्हणून घाई. दिरांनी दांडा ओढला, पात्याशी अडकलेली ढलपी काढायला हात घातला. पातं वेगात असलं की त्याचे दात दिसत नाहीत, नुसती गुळगुळीत कड दिसते. इंजिनाच्या धडधडीत पात्याचा आवाजही कळत नाही. ब्रेक नव्हता तेव्हा ते थांबायचे. आता ब्रेक आहे म्हणून थांबले नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

हे ढोलाजवळ गेले. पट्टीत बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी वास घ्यायची गरज नव्हती, बोट चकाकत होतं.

दीर दवाखान्यातून परत आले तोवर वखारीत निकाल लागून गेला होता. येणारा प्रत्येक जण पायरीवर बसून तोच पाढा म्हणायचा. 'फौजीनं नको ते यंत्र केलं आणि भावाचा हात घालवला.' चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. आत्याबाई ह्यांच्याशी बोलेनात.

मग एका संध्याकाळी सोप्यात सगळे बसलेले असताना माझा ताबा सुटला. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "ब्रेक चांगला हुता. न्हाणीचं तेल गेलंय त्यात. ह्यांनी जाताना भावजींना सांगितलं हुतं, तेल लागू दिऊ नगा म्हणून."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. आत्याबाईंनी थोरल्याकडं पाहिलं. "व्हय रं? सांगितलंतं का त्यानं?"

दिरांचा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून मांडीवरच्या उशीवर ठेवलेला होता. त्यांनी त्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई. मला कुणी काय बोललं न्हाई."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील. आवं, बोला की! लढाईत गोळ्या चालू असताना ट्रकखाली आडवं पडून काम केलेला माणूस. पण हे खाली बघत बसले. आत्याबाई माझ्यावर फिरल्या, "हात गेलेल्या मानसाला खोटं पाडतीस व्हय गं? आन देवाच्या तेलानं कवा कुणाची बोटं जात्यात?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. दिरांना मात्र त्या रात्री चांगली झोप लागली असावी, सकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी.

नंतर खोलीत मी ह्यांना विचारलं, गप्प का बसलात? तर म्हणाले, "त्याची बोटं गेल्यात गं. माझं काय गेलंय?" मला तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं तुमचं काय गेलंय ते. पण ते तोंड पाहिलं आणि मला रडूच आलं.

ढोल, पट्टी, लायनर, सगळं उपटून भंगारात गेलं. आऱ्यावर पगारी मिस्त्री ठेवला. पातं पुन्हा पहिल्यासारखं आपल्या मर्जीनं फिरायला आणि थांबायला लागलं, बाभळीचं फळकूट पुन्हा निघालं, आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. ह्यांना ओंडके मोजायचं काम मिळालं, कारण आधीचा मोजणारा माणूस सोडून गेला होता. यंत्राला हात लावायचा नाही, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. पण हे शेडच्या दाराशी गेले की गडी आपसूक मध्ये येऊन उभे राहायचे. पाटणकडून ट्रक आले की टेप घेऊन जायचं, घेर मापायचा, खडूनं आकडा लिहायचा. अशी वर्षं गेली. आत्याबाई शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा रोज ह्यांच्याच हातचं पाणी प्यायच्या, पण एकदा मला म्हणाल्या, "पोरगं वाईट न्हाई गं माझं. नसता शाणपणा नडला." तेवढं घेऊनच त्या गेल्या.

त्यांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत वखारीत नवा आरा आला. विजेच्या मोटरीवरचा, हिरव्या रंगाचा, ब्रेक कारखान्यातूनच बसवून आलेला. बटण दाबलं की पातं उभं. दिरांनी चार व्यापारी जेवायला बोलावले होते. बसवायला आलेला कारागीर पँट-शर्टातला, सांगलीकडचा. पूजा मांडली. जाऊबाईंच्या हातात तोच तांब्या. हे नारळ घेऊन उभे होते, मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्यांच्या मागं.

जाऊबाई तेल घालायला वाकल्या तशी कारागिरानं हात आडवा केला. "वहिनी, इथं नको. हा ब्रेक आहे. तेल लागलं तर धरणार नाही."

व्यापारी बघत होते. परक्या माणसानं आपल्या वखारीत येऊन आपल्याला शिकवावं, हे दिरांना कसं खपणार? ते हसले. राहिलेली दोन बोटं हलवत म्हणाले, "आवं, ते आमाला नगा सांगू. लय जुनी गोष्ट हाय ही. ह्या आमच्या धाकट्यानं मला कवाच सांगून ठेवलंवतं. फौजेतला मिस्त्री हाय त्यो."

व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. जाऊबाई तांब्या घेऊन तशाच वाकलेल्या राहिल्या, मग हळूहळू सरळ झाल्या आणि नवऱ्याकडं बघतच राहिल्या. दिरांना आपण काय बोलून गेलो याचा पत्ताही नव्हता, किंवा असेल, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्यांचं लक्ष व्यापाऱ्यांकडं होतं.

मी ह्यांच्या पाठीकडं बघत होते. अंगातला सदरा श्वासानं एकदा वर झाला आणि खाली आला. मला वाटलं, आज नारळ ह्यांच्या हातातून खाली पडणार. पडावा, असं मी मनापासून मागितलं.

हे म्हणाले, "दादा, फोडू का नारळ?"

"फोड की."

आणि ह्यांनी फोडला. पाणी नीट वाटीत धरलं, पहिला तुकडा भावाच्या हातावर ठेवला. त्या खोट्यासाठी थोरल्या दिरांना मी कधी माफ केलं नाही. आणि त्या नारळासाठी ह्यांनाही.