मला उखाणा घ्यायला लावला

"उखाणा घ्या बाबा, म्हणजे नाव आपोआप येईल तोंडात."

सर असं म्हणाले आणि सगळी खोली हसली. मी उभा होतो. हातात माझे दोन कागद. बायको जाऊन चौथा महिना चालू होता.

मोताळ्याच्या कॉलेजात विद्यापीठाची तीन दिवसांची लेखन कार्यशाळा होती. मुलीनं माझं नाव घातलं. म्हणे, भिंतीकडं पाहत बसता, त्यापरीस मायबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला. जन्मभर भाजी पिकवली, दोघांनी मिळून बाजारात विकली. पण मलाही लिहायचं होतं. ती कशी होती हे माझ्यासंगं जळून जाऊ नये, एवढंच.

मी लिहिलं होतं, पोरीची माय बाजाराच्या दिवशी पहाटे पोतं ओलं करायची अन् मेथीवर टाकायची. ती गेली त्याच्या पुढच्या बाजाराला मी उठलो, पोतं भिजवलं. टोपलीत भाजी नव्हतीच.

सरांनी कागद पाहिला. पात्राला नाव नाही म्हणाले. मी सांगितलं, आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मी तिला 'ऐकलं का वं' म्हणायचो. नाव घेतलं ते एकदाच, लग्नात, बहिणीनं दार अडवलं तेव्हा.

त्यावरूनच उखाणा निघाला. एकानं मोबाईल वर धरला. पुढची बाई टाळ्यांचा ताल धरू लागली. मी भिंतीकडच्या टोकाला. बाहेर पडायचं तर सहा जणांना उठवावं लागलं असतं. इथंही दार अडवलेलंच.

घेतला मी. तोच, लग्नातला. घडाघडा आला आणि शेवटी तिचं नाव. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. मेलेल्या बाईचं नाव मी खेळ करून दाखवलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी गेलो. मुलीला काय सांगणार होतो?

तिसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. समारोपाला पाहुणे यायचे होते. माझं लिहिलेलं त्यांनी सुधारून आणलं होतं. पोरीची माय कुठंच नाही, जागोजागी तिचं नाव. शेवटी उखाणा. पोतं काढून टाकलेलं. त्यात काही घडत नाही म्हणे. मी स्टेजवर फक्त उखाणा म्हणायचा, लोकांना अस्सल वऱ्हाडी आवडतं.

मी म्हणालो, "नाही घेत."

"काऊन भेता बाबा?" त्यांनी आमची बोली करून दाखवली. शेजारचे हसले.

"सर, तुमची बायको जिती आहे ना? तिचं नाव घ्या अन् वाजवा टाळ्या. माह्या बायकोचं नाही."

कोणी हसलं नाही. मग सर म्हणाले, असं असेल तर प्रमाणपत्राचं अवघड आहे. ठेवा म्हटलं तुमच्यापाशी. त्यांचा सुधारलेला कागद त्यांच्यासमोर फाडला अन् माझे दोन खिशात घातले.

तो व्हिडिओ फिरतोच आहे. परवा भाजीच्या ओळीत एकानं मलाच दाखवला. तोंडातून गेलेलं नाव परत घेता येत नाही. ते मला मरेपर्यंत टोचणार.

म्हणून हे लिहिलं. यात पोरीची माय आहे, ओलं पोतं आहे, रिकामी टोपली आहे. नाव नाही. अजून पुष्कळ लिहायचं आहे, त्यातही नसेल. कोणी सुधारून घातलं तर मी खोडीन. हात चालतो तोवर खोडीन.