मोजणीच्या दिवशीचा चहा

रंगारणीच्या नाकावर राग असतो, असं सारी गल्ली म्हणते, आणि ते खरं आहे. पण दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय तिने कधी परत पाठवलं नाही. आधी पाणी, मग भांडण, असा तिचा क्रम. त्या सवयीनेच तिचा घात केला.

घरामागचं अंगण तिच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर, सामाईक. वडील गेल्यापासून ती तिथे कापडं रंगवते, दोऱ्यांवर वाळवते. ऊन गेलं की रंगाला डाग पडतात, आणि मग धंदा कसला? भावाला मात्र तिथे चार मजली इमारत हवी होती. त्याने एक बिल्डर गाठला आणि बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज ठोकला. अर्जाला दोन्ही मालकांची संमती लागते. भावाने बेधडक सांगितलं, "ताईची आहे की!"

ताईला हे कळलं ते अंगणाच्या भिंतीवर बांधकामाची नोटीस लागली तेव्हा. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याचं नाक पुसलं, ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्यानेच केसाने गळा कापावा? ती थेट कोर्टात गेली.

भावाचा वकील शांतपणे उठला. "अंगणाची मोजणी झाली तेव्हा तुम्ही घरी होतात?"

"होते."

"मोजणीवाल्यांना चहा दिलात?"

"उन्हात तापले होते बिचारे. दिला."

"आणि टेपचं एक टोक कोणी धरलं होतं?"

तिने भावाकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्या दिवशी तोच म्हणाला होता, "ताई, जरा धर गं, कुंपण घालायचंय."

"मी धरलं," ती म्हणाली.

"म्हणजे संमतीच की!"

बोट दिलं की मनगट धरणारी माणसं तिने धंद्यात पुष्कळ पाहिली होती, पण चहाच्या बदल्यात जमीन मागणारा हा पहिलाच. "चहा दिला म्हणजे काय सही झाली?" ती ओरडली. "मग उद्या तुम्हाला बसायला खुर्ची दिली, तर घरच सोडून जाऊ का मी?" न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. ती धुसफुसत बसली.

निकाल तिच्या बाजूने लागला. संमती स्पष्ट हवी, चहापाण्यावरून ती धरता येत नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी अर्ज रद्द केला. बाहेर तिच्याच वकिलाने बजावलं, "ते वरच्या कोर्टात जातील. तोवर त्यांच्यापैकी कोणाला चहासुद्धा देऊ नका." जिंकूनही तिला रडू आलं, संतापाचं. अंगण राहिलं, पण तिच्या जन्माच्या सवयीचा या मेल्यांनी पुरावा करून टाकला होता.

काही दिवसांनी भर दुपारी भाऊ आला. दोरीवरची ओली निळी चादर बाजूला सारून, घामाघूम, नेहमीच्या पायरीवर बसला. चुकलं वगैरे काही म्हणाला नाही.

"ताई, पाणी दे गं."

ती सवयीने उठली. पेला भरला, दारापर्यंत आली आणि थांबली.

"आधी लिहून दे," ती म्हणाली, "की पाणी म्हणजे नुसतं पाणी."

भाऊ हसायला लागला. तिने पेला उंबऱ्याच्या आत ठेवला आणि कागद-पेन शोधायला गेली.