मोसंब्यावर शिकलेली नर्स

आमच्या नर्सिंग स्कूलची मान्यता गेली ती आमच्याच चांगुलपणामुळे. आजही सांगताना डोक्यात तिडीक जाते.

स्कूल घाटकोपरला, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. माझा कोर्स संपत आला होता. सरकारची परवानगी एकदा मिळाली म्हणजे भागलं असं नसतं. नर्सिंग कौन्सिलची माणसं दरवर्षी येणार, खोल्या, शिक्षिका, लायब्ररी, लॅब बघणार, आणि रिपोर्ट चांगला गेला तरच त्या वर्षाची मान्यता. मान्यता असेल तर परीक्षेला बसता येतं, पास झालं की रजिस्ट्रेशन नंबर. तो नंबर नसेल तर तुम्ही नर्स नाही, कितीही शिका.

आई चार घरी पोळ्या लाटते. जालन्याकडून इथं आली तेव्हापासून तेच करतेय. तिनं टेकडीवरच्या अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, "माझी पोरगी नर्स होणार."

आमच्या मोठ्या मॅडम सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. भयंकर खडूस, पण शिकवायच्या जीव तोडून. लॅबमध्ये पेशंटच्या जागी एक रबरी डमी होती. तिला आम्ही आत्या म्हणायचो, कारण काहीही करा, तोंड वाकडंच. आता आमच्या वस्तीतली रीत अशी, की घरात नवी वस्तू आली की तिचं प्लास्टिक काढायचं नाही. रिमोटसुद्धा पिशवीत. तीच रीत आम्ही आत्याला लावली. स्पंजिंग झालं, बँडेज बांधून झालं, की पुसून परत प्लास्टिकमध्ये. इंजेक्शन तर तिला कधी टोचलंच नाही. भोकं पडली तर पुढच्या बॅचच्या पोरींनी काय करायचं? आम्ही मोसंब्यावर टोचायचो.

तपासणी जवळ आली तसं शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या नर्सिंग स्कूलसमोर सामानाचा टेम्पो लागला. तिथं ना धड लॅब, ना टीचर. सगळं भाड्यानं, डमीसकट. माझी मैत्रीण मॅडमना म्हणाली, "मॅडम, आपण पण थोडं सामान मागवूया ना." मॅडम खेकसल्या, "आपलं जे आहे तेच दाखवायचं."

कौन्सिलचे दोन साहेब आले. त्यातल्या मोठ्या साहेबांनी आत्याचं प्लास्टिक बाजूला केलं आणि तिचा हात उलटासुलटा करून बघितला.

"एकही भोक नाही? इंजेक्शन कशावर शिकता?"

मी छाती फुगवून पुढं झाले. "मोसंब्यावर, सर. डमी आम्ही जपून ठेवलीय."

साहेब हसले. मला वाटलं, खूश झाले. मॅडमचा चेहरा मात्र उतरला.

"साहेब, पोरींना करून दाखवू दे ना एकदा," त्या म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तशी पद्धत नाही, मॅडम. आम्ही फक्त पाहणी करतो."

रिपोर्टात आलं की लॅब वापरात नाही, सामान तपासणीपुरतं आणलेलं दिसतं. मान्यता नाकारली. गल्लीतल्या स्कूलला मिळाली, त्यांच्या भाड्याच्या डमीच्या हाताची चाळण झालेली होती ना! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

मॅडमनी अपील केलं. पोरींना दुसऱ्या स्कूलमध्ये सामावून घेऊ, असं वरून सांगण्यात आलं. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिली, तोवर परीक्षा होऊन गेली. मग दारालाच कुलूप लागलं. दुसरीकडं परत पहिल्यापासून सुरुवात करणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं. वाट लागली माझी. आता मी मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहे. बेडपॅन देते, चादरी बदलते.

मागे आईला तापानं सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट करावं लागलं. सलाइन लावायला सिस्टर आल्या आणि मला म्हणाल्या, "नातेवाईकांनी बाहेर थांबा."

आई ग्लानीत होती, तरी तिनं मान उचलली. "अहो, राहू द्या तिला. माझी पोरगी नर्स आहे."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "हो का? रजिस्ट्रेशन झालंय तुझं?"

आईनं माझा हात घट्ट धरला होता. तो सोडवून घेत मी म्हटलं, "नाही, सिस्टर. आई तापात काहीही बोलतेय." आणि बाहेर जाऊन उभी राहिले.