रेघेबाहेर गेलेला निळा

जबलपूरहून मामांचा फोन आला तेव्हा मी वर्गात मुलांना लाकूड कोरायला शिकवत होते. "तू ठसेचित्रवाली आहेस ना, मग ये बेटा. बाबांनी मेलेल्या माणसाची चीज घरात आणली. ती मला मरायच्या आधी परत करायची आहे." सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणता येत नाही. त्याच आठवड्यात नाशिकहून गाडी धरली.

सकाळी स्टेशनावरून नेपियर टाउनला, मामांच्या घरापर्यंत, ऑटोने साठ रुपये घेतले. मामींनी पोहे आणि खोव्याची जलेबी पुढे ठेवली. जबलपूरला जाऊन ही काळपट, जाड जलेबी न खाणाऱ्याची मला कीव येते.

मग मामांनी ट्रंकेतून चित्र काढलं. बर्फात नदी ओलांडणारी होडी, जपानी. महायुद्धात माझे आजोबा, म्हणजे मामांचे बाबा, इथल्या सरकारी कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतण्याआधी लागणारा लाकडी नमुना ते घडवायचे. ब्रह्मदेशातून मोडकी हत्यारं खोक्यांतून दुरुस्तीला यायची. एका खोक्यात जपानी शिपायाची पिशवी निघाली आणि तिच्यात हे चित्र होतं. पाच-सहा वर्षांच्या मामांनी ते घरी पाहिलं, तर आजोबा म्हणाले, "कोणाला सांगू नको." तेवढ्यावरून मामांनी ओळखलं, चित्र चोरीचं आहे. आता त्यांना जपानी वकिलातीला पत्र लिहायचं होतं, त्यासाठी माझा अभिप्राय हवा होता.

जपानी ठसेचित्र एका माणसाचं काम नसतं. एक जण रेखाटतो, दुसरा कोरतो, तिसरा छापतो. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा, तरी रंग रेघेत चपखल बसतो. इथे मात्र नदीचा निळा चहूकडून रेघेबाहेर गेला होता. कागद उलटला, तर मागे घासून छापल्याची एकही खूण नाही. कागदही ड्रॉइंगचा, जाडजूड. हे जपानी नव्हतंच! मामांना सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सांगणं टाळायला नर्मदेच्या संगमरवरी कड्यांचं भेडाघाट गाठलं. सकाळी लवकर जा, उन्हात संगमरवराकडे बघवत नाही. माणसं भरेपर्यंत नाव सुटत नाही, तेव्हा घाई नको. नावाडी कड्यांवर रचलेल्या ओळी ऐकवत होता, सगळे हसत होते, मी सोडून.

दुपारी परतले आणि एका दमात सांगून टाकलं. "मामा, ही नक्कल आहे. तीही कच्च्या हाताची. निळा ठोकळा रेघेपेक्षा मोठा झालाय."

"किती मोठा?" मामाही त्याच कारखान्यातून रिटायर झालेले. जुन्या पेटीतून त्यांनी एक पट्टी काढली आणि निळ्यावर ठेवली. मग माझी साधी पट्टी रेघेवर ठेवली. दोन्हींवर आकडा एकच आला.

"ही पॅटर्नवाल्यांची पट्टी. लोखंड थंड झालं की आकसते, म्हणून हिचा इंचच मोठा असते." मामांनी पट्टी पुन्हा निळ्यावर ठेवली. "हाताची सवय! रेघा बाबांनी असलीवरून गिरवल्या, पण रंगाचा ठोकळा ह्याच पट्टीनं मापला. हे बाबांनी कोरलं, बेटा."

"पण मग मूळ चित्र?"

मामांनी पट्टी पेटीत परत ठेवली. "असली घरात ठेवायचं असतं, तर नक्कल कोरली काहून असती? परत केलं असेल त्यांनी. शत्रूचं चित्र, म्हणून सांगू नको म्हणाले. अन् मी ऐंशी वर्षं बापाला चोर समजून राहिलो."

ते रडले. मामी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मी चहा टाकला.

नाशिकला येऊन महिना झाला. मुलांना आता मी रंग रेघेबाहेर गेला म्हणून लगेच ओरडत नाही. मूळ चित्राचं पुढे काय झालं, ते खरंच त्या शिपायाच्या पिशवीत परत गेलं का, हे कळायला मार्ग नाही. मला मामांचं म्हणणं पटतं, पटवून घ्यायचंही आहे.

परवा मामांचा फोन आला. चित्र बैठकीत लावलंय. "येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राहिलो, माझ्या बाबांनी केलं म्हणून. सगळे वाहवा करतात." मग म्हणाले, "पण ज्या बाबांची माफी मागायची, त्यांना कसं सांगू?"