आमच्या साडूंची दरडीची यादी

माणूस नुसतं सांगून जागचा हलत नाही, या विषयाचा आमच्या साडूंइतका अभ्यास अख्ख्या रायगडात कुणी केला नसेल. महाडच्या एका कचेरीत ते संगणकावर बसतात. पाऊस वाढला की पोलादपूरकडच्या डोंगरवाड्यांना मोबाइलवर धोक्याची सूचना पाठवायची, हे त्यांचं काम. यंत्रणा त्यांनीच उभी केली, आणि ती चालते का हे तपासायचा त्यांना असा नाद लागला की घरात कुणाची धडगत राहिली नाही. मेहुणीने "पानं वाढली" म्हटलं की हे घड्याळ धरून दारात उभे; कोण किती मिनिटांनी ताटावर आलं ते वहीत. तुडीलच्या एका लग्नात वऱ्हाडाची गाडी सुटत असल्याचं लाउडस्पीकरवरून तीनदा सांगितलं, तरी मंडळी पान जमवत बसलेली. साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघितलंत? ऐकू सगळ्यांना येतं." त्या नोंदींपायी गाडी त्यांची चुकली, आणि त्यांच्याबरोबर माझीही.

कापडे गावाच्या वर डोंगरात त्यांची वाडी. आई तिथे एकटी राहते. वाडीत त्यांनी रंगीत तालीम घेतली. पडद्यावर सगळ्या सूचना पोचल्याच्या हिरव्या खुणा आल्या, आणि वाडीत एक माणूस उंबऱ्याबाहेर पडला नाही. साडू तणतणत वर गेले तेव्हा उलगडा झाला. सूचनेसाठी भरलेल्या म्हाताऱ्यांच्या अर्जांवर मुंबईच्या पोरांनी आपापले नंबर घातले होते. वाडीची सूचना नालासोपाऱ्यात वाजली होती. त्या पोरांना साडूंनी फोनवरून जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मग घरोघर फिरून त्यांनी यादी दुरुस्त केली.

पुढे खरा पाऊस आला. भरदुपारी साडूंनी कळ दाबली, आणि लगेच त्यांच्याच खिशातला फोन वाजला. दरडीचा धोका, ताबडतोब खालच्या शाळेत जा. आईच्या नावापुढे त्यांनी स्वतःचाच नंबर घातलेला होता; तालमीतही तो वाजला होता, पण ती त्यांना कचेरीची प्रत वाटली होती. दुसऱ्यांच्या चुका शोधताना आपली राहून गेली. मी त्या दिवशी कचेरीत त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. आईला फोन लावला तर लागेना. रस्ताही बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिखल तुडवत वर पोचलो. दरड दोन शेतं पलीकडून गेली होती. वाडी शाळेत होती, म्हातारी चुलीपाशी. शेजारणींनी ओढून न्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं, पण ही हलली नव्हती. लेकाला बघून म्हणाली, "त्यांना फोन आला, मना नाय आला. म्हटलं, माझा लेक त्याच कामावर हाय. धोका असता तं त्यानं मना कळवलं नसतं काय?"

अहवालात यंत्रणा यशस्वी ठरली. साडूंना शाल-श्रीफळही मिळालं. ते त्यांनी घरी उलगडलंसुद्धा नाही. यादीतला आईचा नंबर मात्र वाडीवरून परतलो त्याच दिवशी बदलला. आता आभाळ जरा भरलं की ते आधी आईला सूचना पाठवतात. गुडघे धरत ती मुकाट्याने शाळेत जाऊन बसते, आणि वाडी तिला हसते.

परवा मी म्हटलं, साध्या सरीला कशाला पाठवता, दमते ती.

"दमू दे," म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून मेली असती ती."

बाहेर भुरभुर सुरू झाली होती, आणि ते खिशातून फोन काढत होते.