चौथी पायरी

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर नव्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसता कचरा दिसतो. तो कचरा पुन्हा वाचण्याजोग्या मराठीत आणणारा एक छोटा प्रोग्राम मी परभणीत नोकरी सांभाळून लिहिला आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. कोड कुणीही घ्यावा, बदलावा, सुधारणा परत पाठवावी. नुसता वापरायचा तर तयार प्रोग्राम होता, पण बदल करून बघायचा तर त्या कोडपासून चालता प्रोग्राम आधी आपल्या मशीनवर बांधावा लागतो. आमच्यात त्याला 'बिल्ड करणं' म्हणतात. ते कसं करायचं याच्या आठ पायऱ्या मी लिहून ठेवल्या होत्या. इंग्रजीत, आणि चांगल्याच ऐटीत.

लोक यायचे. 'सर, करून बघतो' म्हणायचे, चार दिवसांनी 'झालं सर, धन्यवाद' असा निरोप यायचा, आणि मग माणूस गायब. एकाचीही सुधारणा परत आली नाही. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावला. लोकांना फुकटचं वापरायला हवं असतं, हातपाय हलवायला नको. हे मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. मुळात स्वभाव तिरसट, त्यात आपण जगावर उपकार करतोय ही भावना, म्हणजे बघायलाच नको.

मग जिंतूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा मेल आला. त्यांचे वडीलही शिक्षक होते, आदल्या वर्षी वारले. गावातला बुद्धविहार कसा उभा राहिला, कुणी वाळू वाहिली, कुणी जागा दिली, हे वडिलांनी एकेका म्हाताऱ्या माणसाला विचारून टाइप करून ठेवलं होतं. सांगणाऱ्यांपैकी आता कुणी उरलं नव्हतं आणि छापील प्रत नव्हती. होती ती एक फाइल, कुठल्याशा टायपिंग क्लासमधल्या जुन्या फॉन्टमधली. माझ्या प्रोग्राममधून ती काढली तर निम्मी जोडाक्षरं चुकत होती.

"फाइल पाठवा, मी बघतो," असं मी कळवलं. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यातल्या माणसांची नावं, त्यांची बोलण्याची तऱ्हा मला कळणार नाही, वाक्य बरोबर आलं की चुकलं हे त्याच सांगू शकतील, म्हणून दुरुस्ती त्यांना स्वतःच करायची होती. मला ते पटलं. मी आठ पायऱ्या पाठवल्या. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'झालं सर.' त्यानंतर महिनाभर काही नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'चालू आहे सर'.

एका रविवारी मला जिंतूरला एका लग्नाला जायचं होतं. जेवण उरकून बाईंना फोन केला आणि त्यांच्या गावी गेलो. खरं सांगायचं तर दोन शब्द सुनवायलाच गेलो होतो. चहा झाल्यावर म्हटलं, दाखवा काय केलंत ते. त्यांनी लॅपटॉप उघडला.

"झालंच न्हाई सर. चौथ्या पायरीवर अडायलंय."

"मग झालं म्हणून का कळवलंत?"

"तुमी एवढं फुकट करायलाव. वरून तुमालाच कसं म्हणावं, तुमचं लिहिलेलं चालंना म्हणून?"

सरका, मी करतो, म्हणून मी लॅपटॉप ओढला. चौथी पायरी स्वतः टाइप केली. चालली नाही. पुन्हा केली, तरी नाही. तिसऱ्या खेपेला डोक्यात उजेड पडला. त्या पायरीला अक्षरांच्या तक्त्याची एक फाइल लागते, आणि ती कोडसोबत ठेवायचंच मी विसरलो होतो. माझ्या घरच्या मशीनवर ती आधीपासून असल्यानं मला कधी अडलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर ती पायरी चालणं शक्य नव्हतं. म्हणजे आजवर 'झालं सर' लिहिणाऱ्यांपैकी एकाचंही झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायकोला फोन लावला आणि काय काय दाबायचं ते सांगत ती फाइल मागवली. पहिल्याच मिनिटात ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय ते बटण इथं नाहीच." इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

फाइल आल्यावर लॅपटॉप बाईंकडे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. त्यांनी वाचायचं, त्यांनी करायचं, त्या थांबतील तिथं मी लिहून घ्यायचं. 'योग्य फोल्डरमध्ये जा' म्हणजे कोणत्या? 'नेहमीप्रमाणे' म्हणजे कुणाच्या? एकेक शब्द मी खोडत गेलो. ऊन कलेपर्यंत आठाच्या तीन पायऱ्या झाल्या, त्याही मराठीत. प्रोग्राम बांधला गेला. बाईंनी तक्त्यातली पहिली जोडाक्षरं स्वतः दुरुस्त केली आणि वडिलांची फाइल उघडली. लेकराला पाठीशी बांधून ओढ्यातली वाळू आणणाऱ्या एका बाईची हकीकत होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

एक अक्षर अजून चुकत होतं. वडील ते कसं लिहीत हे बघायला त्यांनी कपाटातून त्यांची एक वही काढली. पानं उलटता उलटता त्या थांबल्या आणि वही माझ्यापुढे ठेवली. माझ्या त्या पायऱ्या होत्या, मराठीत उतरवलेल्या, शिक्षकी वळणदार अक्षरात. पहिल्या तिन्हींपुढे बरोबरची खूण. चौथी मात्र दोन पानं भरून पुन्हा पुन्हा लिहिलेली, कधी निळ्या शाईत, कधी काळ्या. खाली एक ओळ: 'हे आता आपल्याच्यानं व्हायचं नाही.'

मी मोबाइलवर जुने मेल शोधले. वहीवर होतं त्याच नावाच्या एका निवृत्त शिक्षकाचा सापडला. 'झालं सर. आपले फार आभार.' त्याला मी उत्तरही दिलं नव्हतं.

मी बाईंची माफी मागितली.

"माझी कशाला मागायलाव सर?" त्या म्हणाल्या. "बाबा जाईपर्यंत सोताला ढ म्हणत होते."