चौथं रीळ

पूर्णेच्या स्टेशनासमोर एक फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन बदकं. मागे फोटो धुण्याची अंधारी खोली. मालक माझ्याच वयाचा. त्याचे आई-वडील गंगाखेडकडच्या एका खेड्यात मेंढरं राखायचे आणि त्या घरातून निघून हातात कॅमेरा धरणारा तो पहिलाच. मी चुडाव्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. राहायला पूर्णेत, जाणं-येणं पॅसेंजरनं. आमची गावाकडे भरपूर काळी जमीन होती, त्यामुळे म्हणा किंवा मास्तरकीमुळे म्हणा, मी त्याला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणालो आणि तो मला 'सर' आणि 'तुमी'. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात जिल्हाभर जाळपोळ झाली. शाळा बंद, गाड्यांचा भरवसा नाही. एका दुपारी मी त्याच्या स्टुडिओत बसलो होतो. तो म्हणाला, "सर, एक गंमत दाखवू का?" आणि त्यानं अंधाऱ्या खोलीतून पाटावर मावेल एवढा एक प्रोजेक्टर काढला. रेल्वेचा एक म्हातारा गार्ड निवृत्त होऊन गोव्याला गेला, तेव्हा त्याला देऊन गेला होता. सोबत एकच रीळ. फिल्म करंगळीच्या नखाएवढी रुंद.

परदेशात तेव्हा लोक घरी बघायला अशी रिळं घेत. दोन तासांचा गाजलेला सिनेमा कापून आठ-नऊ मिनिटांत बसवलेला. आवाज नाही, मधे मधे इंग्रजी पाट्या. आमच्या रिळात एक यान परग्रहावर उतरत होतं. सगळीकडे मिठासारखी पांढरी जमीन. त्या जमिनीत एक दार होतं. यानातली एक बाई, शास्त्रज्ञ असावी, त्या दारातून खाली जाते, दार मिटतं आणि रीळ संपतं.

आम्ही ते रीळ त्या दिवशी सहा वेळा पाहिलं. बाहेर आमच्याच तालुक्यात माणसांची घरं जळत होती आणि आम्ही दार लावून दुसऱ्या ग्रहावरची बाई बघत होतो. याची मला पुढे लाज वाटली. त्या दिवशी मात्र एकच गोष्ट डोक्यात होती, ती बाई बाहेर येते का.

फोटोचा कागद आणि औषधं आणायला तो हैदराबादला जायचा. दिवाळीच्या सुट्टीत मीही गेलो. जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात ढिगाखाली आम्हाला त्याच सिनेमाचं दुसरं रीळ सापडलं. दुसऱ्या कंपनीनं कापलेलं. त्यात मारामारी जास्त होती, पण दारातून खाली जातानाचा जिना होता, जो आमच्याकडच्या रिळात नव्हता. दोन वर्षांनी तिसरं मिळालं, अगदी छोटं, तीन मिनिटांचं. त्यात यानाचा कप्तान दारापाशी बसून रडताना दिसतो. दुकानदार म्हातारा, पांढरी दाढी, गळ्यात अडकवलेला चष्मा. तो मला म्हणाला, "मास्टरसाब, एकीच पिक्चर कू कित्ते बार खरीदते?"

तिन्ही रिळं एका पत्र्याच्या ट्रंकेत स्टुडिओत राहायची आणि वही माझ्याकडे. वहीत मी एकेक प्रसंग लिहून क्रम लावायचो. जिना आधी की रडणं आधी, यावर आम्ही रविवारच्या रविवार वाद घातलेत. आमचं ठरलं होतं की रीळ कापायचं नाही, कोणाला द्यायचं नाही आणि शेवट सापडला तर दोघांनी मिळूनच बघायचा. शेवटची अट त्यानंच घातली होती.

एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही तिन्ही रिळं दाखवली. वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर धोतर ताणलं. तो प्रोजेक्टरपाशी आणि मी भिंतीजवळ उभा राहून मराठीत गोष्ट सांगत होतो. पोरं श्वास रोखून बसली होती. मुख्याध्यापकांनी मला नारळ आणि शाल दिली. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता. पूर्णा आल्यावर म्हणाला, "लय मस्त सांगितलं तुमी, सर."

पुढे त्याला दुकानदाराचं कार्ड आलं. त्याच सिनेमाचं आणखी एक रीळ आलंय, खोक्यावर 'शेवटचा भाग' असं लिहिलंय. कार्ड त्यानं मलाच पहिल्यांदा दाखवलं. माझ्या आईचं परभणीला ऑपरेशन होतं, मला हलता येईना. मी म्हणालो, "तू जाऊन घेऊन ये. मी येईपर्यंत लावू नको."

"असं कसं लावीन, सर?" तो म्हणाला.

चार दिवसांनी तो दवाखान्यातच आला. आईसाठी मोसंबी आणली होती. मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि खाली बघत म्हणाला, "दुकान बंद झालं, सर. म्हातारा वारला. पोरांनी सगळं भंगारात घातलं."

मला आधी म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. मग रिळाचं. मीच त्याची समजूत घातली, म्हणालो, जाऊ दे, नशिबात नव्हतं. तो मोसंब्यांची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. मला वाटलं, त्यालाही माझ्याइतकंच लागलंय.

त्यानंतर रविवार हळूहळू सुटले. त्यानं व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि लग्नांची कामं धरली. माझ्या साडूच्या मुलीचं लग्न जिंतूरला ठरलं, तेव्हा शूटिंगसाठी मीच त्याचं नाव सुचवलं. लग्नात तो पाटावर चढून, मांडवाच्या खांबाला टेकून मन लावून काम करत होता. जेवताना मी त्याला आग्रह करून जिलबी वाढली.

महिन्याभरानं आम्ही जिंतूरला गेलो, तर मेव्हणीनं भाड्याचा व्हीसीआर आणून ठेवला होता. दुपारची जेवणं झाली, सगळे गादीवर बसले आणि कॅसेट लागली. हळद, मुंडावळ्या, अंतरपाट. वऱ्हाडी आपापले चेहरे ओळखून हसत होते. शेवटी पाठवणी आली. मुलगी रडत जीपमध्ये बसली, जीप निघाली, आणि त्यापाठोपाठ पडद्यावर मिठासारखी पांढरी जमीन आली. तिच्यावरून एक यान धूर सोडत वर उठत होतं. खाली ते दार सताड उघडं पडलेलं. वरती गुलाबी अक्षरांत नवरा-नवरीची नावं.

"बघा दाजी, तुमच्या दोस्तानं इमान बी टाकलंय," मेव्हणी कौतुकानं म्हणाली.

मी तिला ते परत लावायला सांगितलं. पुन्हा एकदा लावायला सांगितलं. आमच्या तिन्ही रिळांत यान फक्त उतरतं. ते उठतं असं कुठेही नाही. आणि ती खाली गेल्यावर मिटलेलं दार पुन्हा कुठेही उघडत नाही. अकरा वर्षं मी त्या दाराची वाट पाहिली होती आणि ते मला साडूच्या घरी, चिवड्याची ताटली मांडीवर घेऊन बघायला मिळालं. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणालो, ऊन लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टेशनावरून थेट स्टुडिओत गेलो. तो एका अल्बमला कोपरे चिकटवत होता. मी म्हणालो, "जिंतूरची कॅसेट बघितली."

त्याचा हात थांबला. वर न बघता तो म्हणाला, "मला वाटलंच हुतं, तुमी बघताल म्हणून."

"चौथं रीळ कधी आणलंस?"

"त्याच वक्ताला."

"आणि म्हातारा?"

"हाय की. चांगला हाय."

मी स्टूल ओढून बसलो. जिवंत माणूस मारून टाकला होता यानं, आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्यासाठी हळहळलो होतो.

"का?" मी विचारलं.

त्यानं अल्बम मिटला. "शाळेत तुमी पोरांना काय म्हणलात, याद हाय का? म्हणलात, हा माझा छंद हाय. माझा. आपला न्हाई म्हणलात. शाल घेतली, नारळ घेतला. मी मागं वायरी गुंडाळायलो हुतो. कुणी पाणी इचारलं न्हाई मला."

"तेव्हाच सांगायचं होतं."

"तुमाला काय सांगावं, सर? रीळ हातात आलं, तवा वाटलं, हे एक माझं असू द्यावं. एकदा बघीन आन् मग सांगीन. मग दवाखान्यात तुमचं तोंड बघितलं आन् जे तोंडाला आलं ते बोललो. एकदा म्हातारा मेला म्हणल्यावर त्याला परत जित्ता कसा करायचा?"

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण मला त्या वेळी न्याय करायचा नव्हता. मी म्हणालो, "चार वर्षं. चार वर्षं मी इथं येऊन चहा पिऊन गेलो."

"हां," तो म्हणाला.

रीळ आता कुठं आहे, विचारलं. कॅसेटसाठी भिंतीवर लावून त्याचं शूटिंग घेताना ते प्रोजेक्टरच्या दिव्यापुढं अडकून जळलं, म्हणाला. थोडं उरलं होतं, तेही फेकून दिलं. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "बाहेर येते का ती?"

त्याचा चेहरा एकदम जुन्या रविवारसारखा झाला. तो पुढे सरकून सांगायला लागला. ती बाहेर येते, केस पांढरे झालेले असतात, वर मात्र एकच दिवस गेलेला असतो. कप्तान तिला ओळखत नाही. ती त्याला काही सांगत नाही आणि परत खाली जाते, दार उघडंच ठेवून. त्यानं हातानं पायऱ्या दाखवल्या. मी ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मनात वहीतला क्रमही लावत होतो. मग मला व्हरांडा आठवला. तिथंही तो असंच सांगत होता, भंगारासकट. हे ऐकून मी करू काय? खरं असलं तरी माझ्या काही कामाचं उरलं नव्हतं.

मी ट्रंक उघडली, तिन्ही रिळं पिशवीत घातली. पहिलं रीळ खरं तर त्याचं, गार्डानं त्याला दिलेलं. तेही घेतलं. त्यानं अडवलं नाही.

उन्हाळ्यात मी एकटाच हैदराबादला गेलो. दुकान होतं, म्हाताराही होता, फक्त कमरेत वाकला होता. म्हणाला, "आपके दोस्त लेके गये ना आखरी वाला? कैसी थी?" मी म्हणालो, अच्छी थी. त्यानं चहा मागवला. मित्र कसा आहे विचारलं, तर मी सांगितलं, मजेत आहे, धंदा जोरात आहे. तशी दुसरी प्रत कुठं मिळेल का, हे विचारायला गेलो होतो आणि ते विचारायची मला हिंमत झाली नाही, कारण मग सगळं सांगावं लागलं असतं.

पूर्णेसारख्या गावात माणसाला टाळणं सोपं नसतं. मी स्टेशनाच्या मागच्या बाजूनं जायला लागलो. घरातले फोटो काढायला आम्ही परभणीला जायचो आणि बायको दर वेळी विचारायची, एवढ्यासाठी एसटीनं कशाला.

पाच वर्षांनी एका सकाळी तो घरी आला. मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. स्टुडिओ बंद करून नांदेडला चाललोय, सरांना सांगायला आलो, असं तो बायकोला म्हणाला. तिनं दारातून माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. ती बाहेर जाऊन म्हणाली, ते घरात नाहीत.

साबणाच्या पाण्याचा वास त्याला ओसरीत येत असणार. माझ्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या. तो म्हणाला, "बरं, वहिनी. आलो हुतो म्हणून सांगा." तिनं पाणी दिलं. तो सगळं पाणी प्याला, भांडं कोनाड्यात ठेवलं आणि गेला. मी अर्ध्या गालाची दाढी तशीच ठेवून बराच वेळ आत बसून राहिलो.